गाणगापूरचं एक वाक्य

बसण्णांनी पोलिसांना काहीही सांगितलं नव्हतं. सांगितलं ते मी, आणि तेही छापून, माझ्या नावानिशी. सोलापुरात बाजारपेठेमागच्या एका गल्लीत आजही लोक उलटं समजतात. पर्सराम आणि मोहिनी या पाकिस्तानातून आलेल्या नवरा-बायकोला देश सोडण्याची नोटीस आली ती घरमालक बसण्णांनी चुगली केल्यामुळे, असं तिथं अजून सांगितलं जातं. बसण्णा आता ऐंशीच्या पुढे गेलेत, दुधनीला असतात. दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘बातमीदारीच्या आठवणी लिहा, गमतीजमती चालतील’ असं कळवलं तेव्हा गमतीजमती पुष्कळ सुचल्या. पण हे कागदावर आल्याशिवाय बाकीचं काही लिहायला हात उठेना.

जिल्ह्याच्या गावचा बातमीदार नेमकं काय करतो, हे बाहेरच्यांना फारसं ठाऊक नसतं. सकाळी पोलीस कचेरीसमोरच्या टपरीवर हजेरी, दुपारी महापालिका, संध्याकाळी कुणाचा तरी सत्कार. मोडनिंबजवळ हायवेवर टँकर उलटला की तिकडे पळायचं. पेपरात ज्याला शोधपत्रकारिता म्हणतात, त्याला आम्ही ‘बसून काढलेली बातमी’ म्हणायचो. कारण त्यात खरं काम बसण्याचंच असतं. एकाच माणसाच्या ओसरीवर पुन्हा पुन्हा जाऊन बसायचं. पहिल्या भेटीत माणूस तक्रार सांगतो, दुसऱ्या भेटीत स्वतःची बढाई मारतो, आणि मग कधीतरी, आपण वही मिटून निघालेलो असताना, खरी गोष्ट सांगतो. ती परत दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून ऐकल्याशिवाय छापायची नाही, हा माझा नियम होता. त्यापायी कितीतरी चमचमीत बातम्या मी सोडून दिल्या. माझी एकही बातमी खोटी ठरली नाही, हे मी आजही मान वर करून सांगतो. पर्सराम आणि मोहिनीची बातमीसुद्धा अक्षर न् अक्षर खरी होती. घोटाळा तिथंच झाला.

ती दोघं मला परकीय नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या कचेरीबाहेरच्या बाकावर भेटली. मी दुसऱ्याच कामाला गेलो होतो. पर्सराम पन्नाशीचे, गुडघ्यावर कापडी पिशवी घेऊन बसलेले. मोहिनी मात्र बाकावर बसूनही शाळेच्या गणवेशाच्या शर्टांना बटणं लावत होती. सोलापुरात गणवेश शिवण्याचे कारखाने आहेत आणि काजं-बटणांचं काम घरोघरी जातं.

‘इथं पण काम?’ मी विचारलं.

‘आमचा नंबर संध्याकाळी लागतो, भाऊ,’ ती म्हणाली. ‘नुसतं बसलं तर डोक्यात नाही नाही ते येतं. त्यापेक्षा बटणं बरी.’

सिंधमधल्या मीरपूरखासजवळच्या गावात त्यांचं किराणा दुकान होतं. ते लुटलं गेलं, मग धमक्या यायला लागल्या, तेव्हा तीर्थयात्रेच्या व्हिसावर ती भारतात आली ती परत न जाण्यासाठीच. सोलापुरात पर्सरामचे लांबचे नातलग होते; मला भेटली तेव्हा दोघांना येऊन काही वर्षं झाली होती आणि ती मराठी बोलू लागली होती. बसण्णांची ओळख त्यांच्यामुळेच झाली. बसण्णा तुरीचे व्यापारी, मूळ दुधनीचे, घरात कानडी आणि बाजारात मराठी बोलणारे. घरामागची खोली त्यांनी या दोघांना दिली. मोहिनी काही महिन्यांत त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचली आणि भाज्यांच्या नावांपासून सुरू करून कानडी बोलायला शिकली.

इथं थोडं समजावून सांगायला हवं. जीव वाचवून पळून आलेल्या माणसासाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. तो आश्रयाला आलाय असं मनातून सगळ्यांनाच कळतं, पण सरकारी भाषेत तो नुसता परकीय नागरिक असतो. त्याला लांब मुदतीचा व्हिसा मिळतो, तो पुन्हा पुन्हा वाढवून घ्यायचा, आणि अशी बरीच वर्षं काढली की नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. त्या काळी व्हिसावर शहराचं नाव असे. यांच्या व्हिसावर सोलापूर होतं. सोलापूर सोडून कुठंही जायचं तर आधी परवानगी. पुढे हे नियम थोडे सैल झाले. पण मी सांगतोय ते त्याच्या आधीचं.

बसून बसून मी त्यांची बातमी काढली. संपादकांनी वाचली आणि म्हणाले, ‘चांगली आहे, पण कोरडी वाटते. वाचकाला ही आपली माणसं वाटली पाहिजेत. थोडा रंग भरा.’ मी परत मोहिनीकडे गेलो. इथं काय आवडतं, सणवार काय करता, असं विचारत बसलो. ती आनंदानं सांगत सुटली. त्यातलं एक मी उचललं आणि शेवटच्या परिच्छेदात घातलं: ‘दर पौर्णिमेला ही दोघं गाडीनं गाणगापूरला दत्तदर्शनाला जातात. आता ती सोलापूरची नाहीत असं कोण म्हणेल?’

या वाक्यावर मी खूश होतो. संपादक खूश झाले. मुद्रितं वाचणारे अक्कलकोटचे, पानं लावणारे मोहोळचे, दोघांनीही वाचलं आणि कुणाच्या डोक्यात काही आलं नाही. सोलापूरच्या माणसाला यात काही वावगं दिसणारच नाही. गाणगापूर दुधनीच्या थोडं पुढे. सकाळच्या गाडीनं डबा बांधून जायचं, संगमावर स्नान करायचं, माधुकरी मागायची आणि संध्याकाळी घरी. तिथं जाताना आपण कर्नाटकात जातोय असं आमच्यापैकी कुणी म्हणत नाही. पर्सराम-मोहिनीला तर शेजाऱ्यांनीच नेलं होतं. ‘चला की वैनी’ म्हणून. तेव्हा परवानगी काढायची असते हे शेजाऱ्यांना तरी कुठून सुचावं?

बातमी छापून आली. पर्सराम सिंधी वाचत, पण त्यांची सिंधी उर्दूसारख्या लिपीत. देवनागरी दोघांनाही येत नव्हती. बसण्णांनीच ओसरीवर बसून त्यांना मोठ्यांदा वाचून दाखवली. गल्लीतल्या चार बाया जमल्या होत्या. मी गेलो तर मोहिनीनं हातावर साखर ठेवली.

आठवड्याभरात नोटीस आली. परवानगीशिवाय नेमून दिलेल्या जागेबाहेर गेल्याबद्दल व्हिसा रद्द का करू नये आणि तुम्ही देश का सोडू नये, असा तिचा अर्थ होता. बाहेर गेल्याचं कुणी कळवलं ते त्यात नव्हतं.

त्या कचेरीतले हवालदार माने माझ्या टपरीवरच्या ओळखीचे. मी त्यांना गाठलं आणि विचारलं, ‘ती दोघं बाहेर जातात हे तुम्हाला सांगितलं कुणी?’

माने चहा फुंकत म्हणाले, ‘तुमीच की.’

‘मी?’

‘मंग? रोज सकाळी समदे पेपर वाचायचं काम माझ्याकडंच हाय. तुमचं लिवनं मला लई आवडतं. घरी मंडळीला वाचून दावलं तर तिच्या डोळ्यात पानी आलं. पर गाणगापूर वाचलं आन् म्हटलं, गेलं हे. तवर वरच्या सायबानं बी वाचलं हुतं. मी कुटं लपवू?’

‘अहो, पण गाणगापूर म्हणजे…’

‘कर्नाटकात येतंय, सायेब. मला बी नकाशा बघावा लागला.’

मानेंनी कप ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाले, ‘आता यातलं तुमी कुनाला बोलू नका. मी बी बोलत न्हाय. झालं ते झालं.’

मी बोललो नाही.

त्याच दिवसांत बसण्णांना त्या कचेरीत बोलावणं आलं होतं. घरमालकाचा जबाब दर वर्षी घेतात तसा, नुसता पत्ता खरा आहे का एवढंच. पण ते आत जाताना गल्लीतल्या कुणीतरी पाहिलं. शिवाय त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि घरात जागा कमी पडणार हे सगळ्यांना माहीत होतं. लोकांनी दोन आणि दोन चार केले. मी गेलो तेव्हा मोहिनी खोलीतलं सामान बाहेर काढत होती. किल्ली तिनं बसण्णांच्या उंबऱ्यावर ठेवली.

‘खोली पाहिजे होती तर तोंडानं सांगायचं, अण्णा,’ ती म्हणाली. ‘आम्ही काय भांडलो असतो? पोलिसात कशाला जायचं?’

‘मी काय बोललो न्हाई गं,’ बसण्णा म्हणाले. ‘मल्लिकार्जुनाची शपथ. काय बोललो न्हाई.’

‘मग ते काय स्वप्नात आलं त्यांना?’

बसण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी पेपरवाला, मला सगळं ठाऊक असतं अशी त्यांची समजूत. ‘तुमी सांगा की हिला,’ ते म्हणाले. मी म्हणालो, ‘आत्ता सगळे रागात आहेत, नंतर बोलू.’ ते ‘नंतर’ कधी आलं नाही.

गप्प राहायला माझ्याकडे कारण होतं. मला त्या नोटिशीविरुद्ध लिहायचं होतं, आणि त्यासाठी या कुटुंबानं आणि त्यांच्यासारख्या इतरांनी माझ्याशी बोलणं भाग होतं. माझ्याच वाक्यानं नोटीस आणली हे कळलं असतं तर एकही दार उघडलं नसतं. हे कारण खरं होतं. सोयीचंही होतं.

त्यानंतर मी जे काम केलं ते माझ्या नोकरीतलं सगळ्यात चांगलं काम. ही माणसं अडकतात कुठं, हे शोधायचं होतं. मी पर्सरामबरोबर प्रत्येक खिडकीपाशी गेलो. पहिल्या खिडकीवर कळलं की व्हिसा वाढवायचा तर पाकिस्तानी पासपोर्ट मुदतीतला हवा. त्यांच्या पासपोर्टची मुदत संपत आलेली. तो नवा करून घ्यायचा तर दिल्लीला पाकिस्तानी वकिलातीत जायला हवं. दिल्लीला जायचं तर शहर सोडायची परवानगी हवी. परवानगीच्या खिडकीवरचा माणूस अगदी सभ्यपणे म्हणाला, ‘काही अडचण नाही, व्हिसा तेवढा वाढवून आणा.’ कुणी लाच मागितली नाही, कुणी उद्धटपणे बोललं नाही. जो तो आपल्या खिडकीपुरता बरोबर होता. पर्सराम घरी येताना म्हणाले, ‘साहेब, आमच्या गावात बैलाला घाण्याला जुंपतात ना, त्याच्या डोळ्यावर पट्टी बांधतात. इथं पट्टी बांधायची राहिली.’

मालिकेचा पहिला भाग या खिडक्यांवर होता, दुसरा पुढाऱ्यांवर. त्या सुमाराला एका सभागृहात अशा कुटुंबांचा सत्कार झाला. पुढाऱ्यांनी शाल घातली, ‘हे आमचे बांधव आहेत, यांच्यासाठी रक्त सांडू’ असं भाषण केलं. कार्यक्रमानंतर पर्सराम शाल सांभाळत त्यांच्या गाडीपाशी गेले.

‘साहेब, रक्त नको,’ ते म्हणाले. ‘दिल्लीला जायच्या परवानगीसाठी एक चिठ्ठी द्या.’

पुढारी हसले, पीएकडे बोट दाखवलं आणि गाडीत बसले. पीए म्हणाला, ‘मतदार ओळखपत्राची झेरॉक्स आणून द्या, मग चिठ्ठी देतो.’ विरोधी पक्षाच्या पुढाऱ्यांकडेही मी गेलो. ते म्हणाले, ‘हा त्यांचा विषय आहे, आम्ही कशाला पडू?’ दोन्ही गोष्टी मी शेजारी शेजारी छापल्या. एक शब्दही वरचा घातला नाही. शहरात दोन दिवस लोक तो झेरॉक्सचा किस्सा एकमेकांना सांगत होते.

तिसऱ्या भागासाठी मात्र भांडावं लागलं. त्या कचेरीबाहेरच्या बाकावर एक नसीमबी येऊन बसायच्या. कराचीच्या. लग्न होऊन सोलापूरच्या एका यंत्रमाग कामगाराच्या घरी आलेल्या, दोन मुलं इथंच जन्मलेली. व्हिसा तोच, खिडक्या त्याच, दर वर्षीचे हेलपाटे तेच. फक्त त्यांना शाल घालायला कुणी आलं नव्हतं. त्या मला म्हणाल्या, ‘मेरे अब्बा का इंतकाल हुआ तो मैं यहीं बैठी थी. जाती तो वापस आने देते की नई, कौन बोले? मिट्टी भी नई दे सकी मैं.’

संपादक म्हणाले, ‘दोन भाग गाजलेत. हा तिसरा लोकांना रुचणार नाही. कशाला?’

मी म्हणालो, ‘बाक एकच आहे, साहेब. अर्ध्या बाकाची बातमी मला लिहिता येणार नाही. नसेल छापायची तर पहिल्या दोन भागांवरचं माझं नावही मागं घेतो असं छापा.’

त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला आणि बातमी आत पाठवली. छापून आल्यावर फोन आले, शिव्या आल्या, दोन विक्रेत्यांनी गठ्ठे परत केले. पण पर्सरामनी तो भाग एका पोराकडून वाचून घेतला आणि मला म्हणाले, ‘ती बाई आणि आम्ही एकाच गाडीनं आलो असतो, तरी वेगवेगळ्या डब्यात बसलो असतो. तुम्ही एका पानावर बसवलं.’ पुढे माझ्या मालिकेला पुण्याचा पुरस्कार मिळाला. पर्सरामचं हे वाक्य मला त्याहून मोठं वाटतं.

एका वकिलानं फी न घेता आमची कात्रणं जोडून अर्ज केला. नोटीस थांबली. दिल्लीला जायची परवानगीही मिळाली. त्या दोघांना परत जावं लागलं नाही, आणि यात माझ्या लिहिण्याचा वाटा होता, हे मी नम्रपणाच्या नावाखाली लपवणार नाही. पण नियम मोडल्याचा शेरा कागदावर राहिला. त्या शेऱ्यामुळे त्यांचा नागरिकत्वाचा अर्ज मागे पडला, परत आला, पुन्हा मागे पडला. पर्सराम वारले तेव्हा सरकारदरबारी ते पाकिस्तानीच होते. मोहिनीला नंतर नागरिकत्व मिळालं. ती आता कुंभारीला राहते, दोन शिलाई मशिनं आहेत, मतदान केल्यावर बोटाची शाई मला येऊन दाखवून गेली. नसीमबी अजून मुदत वाढवून घेतात.

आणि बसण्णा. मुलाचं लग्न झालं, पण गल्लीतली बरीच घरं जेवायला गेली नाहीत. हळदीकुंकवाला त्यांच्या बायकोला बोलावणं येईना. बाजारात कुणी ‘पोलिसांचा माणूस’ म्हणून टोमणा मारी. काही वर्षांनी त्यांनी घर मुलाच्या हवाली केलं आणि दुधनीला जाऊन राहिले. मालिका संपली होती, पुरस्कार भिंतीवर लागला होता. गप्प राहायचं कारण कधीच संपलं होतं. मी तरीही गप्प राहिलो, कारण तोवर मी ‘त्या मालिकेचा’ माणूस झालो होतो आणि तसं असण्याची सवय लागली होती.

गेल्या महिन्यात हा लेख इथपर्यंत लिहून मी दुधनीला गेलो. छापण्याआधी त्यांना वाचून दाखवावा असं ठरवलं होतं. बसण्णा दारात खाटेवर बसले होते.

‘बर्री, कुंद्री,’ म्हणाले. या, बसा. सुनेला चहा सांगितला.

मी वाचायला सुरुवात केली. गाणगापूरच्या वाक्यापाशी त्यांनी हात वर केला.

‘हे मीच वाचलो की त्यांना,’ ते म्हणाले. ‘ओसरीवर. दोनदा वाचलो. चांगलं लिवलंय म्हणून दोनदा.’

मी पुढे वाचलं. मानेंचं बोलणं, किल्ली, उंबरा. संपल्यावर ते चहाच्या कपाकडे बघत राहिले.

‘एवढी वर्षं कुटं होतास तू?’ त्यांनी मला कधी अरेतुरे केलं नव्हतं.

मी कागदांची घडी घातली.

‘माझी बायको गेली,’ ते म्हणाले. ‘जाईपर्यंत विचारायची, खरं सांगा, तुमी बोललात का? घरची बाई विचारायची.’

‘आता सगळं छापून येईल, अण्णा. सगळ्यांना कळेल.’

‘सगळे कोण? ज्यांनी बोललं ते निम्मे गेले. तू आणि तुझं छापणं.’ त्यांनी कप खाली ठेवला. ‘मोहिनीला सांगितलास का?’

‘अजून नाही.’

‘मंग लाव तिला फोन. माझ्यासमोर लाव. पेपरात मागनं छाप.’

मी फोन लावला, आवाज मोठा केला आणि दोघांच्या मध्ये खाटेवर ठेवला. मोहिनीनं उचलला. मागं मशिनचा आवाज येत होता. मी सांगितलं. गाणगापूरचं वाक्य, माने, नकाशा, आणि बसण्णा त्या दिवशी कचेरीत फक्त पत्त्याचा जबाब द्यायला गेले होते हेही. सांगता सांगता मशिनचा आवाज बंद झाला.

‘ह्यांना माहीत होतं?’ तिनं विचारलं. ‘जाण्याआधी कळलं होतं?’

‘नाही. पर्सरामना मी सांगितलं नाही.’

पलीकडे कात्री ठेवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, ‘अण्णा तिथं आहेत?’

‘इथंच आहेत. ऐकतायत.’

‘आवाज बारीक करा आणि त्यांच्या हातात द्या. तुमच्याशी मला आत्ता बोलायचं नाही.’

मी तसं केलं. बसण्णांनी फोन कानाला लावला, आणि ‘हां, बोल गं’ म्हणाले. पुढचं त्यांनी कानडीत सुरू केलं. मी चपला घातल्या आणि निघालो, त्यांचं काही ऐकू येणार नाही इतका लांब, पार स्टेशनच्या रस्त्यापर्यंत.